घरी आला, पुन्हा गेला

रोगी इस्पितळातून घरी आला, म्हणजे आपल्या घरांतून एक ठरलेला सोहळा होतो. उंबरठ्यावर त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, देवापुढे साखर ठेवतात, शेजारीपाजारी पेढे जातात आणि परगावच्या आप्तांस 'सुखरूप घरी आलो' असा निरोप धाडला जातो. यात गैर काही नाही. संकट टळले म्हणून ईश्वराचे स्मरण करावे आणि चार माणसांस आनंदात सहभागी करून घ्यावे, हे आपल्या रीतीस धरूनच आहे. परंतु या सोहळ्याच्या पोटात एक चुकीची समजूत दडलेली असते. ती अशी की, दुखणे संपले. वस्तुतः त्या दिवशी दुखणे संपलेले नसते. दुखण्याची जागा तेवढी बदललेली असते. काल ते इस्पितळाच्या खाटेवर होते, आज ते आपल्या माजघरात आले.

म्हणूनच कित्येक घरांत असे घडते की, पेढ्यांचा रिकामा पुडा अजून फडताळात असतो, आणि तोच रोगी, तीच पिशवी व तोच थर्मास घेऊन मंडळी पुन्हा इस्पितळाची वाट धरतात. मग कारणांचा शोध सुरू होतो. कोणी म्हणतो, डॉक्टरांनी घाईने घरी सोडले. कोणी म्हणतो, औषध लागू पडले नाही. घरातील वडील स्त्रिया म्हणतात, दृष्ट लागली. यांपैकी पहिली दोन कारणे कधी कधी खरीही असतात. परंतु या प्रश्नाचा ज्यांनी बारकाईने अभ्यास केला आहे, त्यांची साक्ष काढली तर निराळेच चित्र दिसते, आणि त्या चित्रात आपले घर अगदी मध्यभागी आहे.

हा अभ्यास मुख्यत्वे अमेरिकेत झाला. तेथे पासष्ट वर्षांवरील नागरिकांच्या उपचारांचा खर्च सरकार 'मेडिकेअर' या योजनेतून करते. प्रत्येक दाखल्याचे बिल सरकारदरबारी नोंदलेले असल्यामुळे कोण किती दिवसांनी परत आला, याची मोजदाद तेथे करता येते. जेंक्स, विल्यम्स आणि कोलमन या तिघा अभ्यासकांनी सन २००९ मध्ये अशी मोजदाद प्रसिद्ध केली. इस्पितळातून घरी गेलेल्या सुमारे १ कोटी १८ लक्ष माणसांपैकी दर शंभरांत १९.६ माणसे तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल झाली, आणि नव्वद दिवसांच्या आत ३४. म्हणजे पाचांतला एक महिन्याभरात परत, आणि तिघांतला एक तीन महिन्यांत परत. त्याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. शस्त्रक्रियेवाचून नुसत्या औषधोपचारांसाठी राहून घरी गेलेले आणि महिन्याच्या आत परतलेले जे लोक होते, त्यांतील निम्म्यांच्या बाबतीत मधल्या काळात डॉक्टरांकडे जाऊन आल्याचे एकही बिल आढळले नाही. इस्पितळाच्या दारातून बाहेर पडल्यापासून त्याच दारातून पुन्हा आत शिरेपर्यंत त्यांच्या नाडीवर कोणा वैद्याचा हातच पडला नव्हता.

दुसरा प्रश्न असा की, हे लोक परत आले ते कोणत्या दुखण्याने? सामान्य तर्क असा की, पहिलेच दुखणे उलटले असेल. येल विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हार्लन क्रुमहोल्झ यांनी सन २०१३ मध्ये या तर्काला छेद देणारे आकडे पुढे मांडले. हार्ट फेल्युअरसाठी, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती कमी पडल्यामुळे, दाखल होऊन गेलेले जे लोक महिन्याभरात परतले, त्यांपैकी त्याच विकारामुळे परतलेले शंभरांत ३७ च होते. न्यूमोनियाच्या बाबतीत ही संख्या २९ होती. बाकीचे कोणी पडून हाड मोडले म्हणून, कोणी पोट बिघडले म्हणून, कोणी नवा जंतुसंसर्ग झाला म्हणून, कोणी भ्रम झाला म्हणून आले. क्रुमहोल्झ यांचे म्हणणे असे की, इस्पितळातील मुक्काम हाच मनुष्यास काही काळ दुबळा करून सोडतो. रात्री दर दोन-चार तासांनी उठवून ताप आणि रक्तदाब बघतात, त्यामुळे झोप मोडते. तपासणीसाठी उपाशी ठेवतात, आणि एरवीही अन्न रुचत नाही. दिवस कोणता, रात्र कोणती, याचे भान सुटते. नव्या औषधांनी डोके जड होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मनुष्य खाटेवर पडून राहतो. सन २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट अशा वयस्क माणसांना केवळ दहा दिवस बिछान्यात ठेवले, तर त्यांच्या पायांचे मांस सरासरी किलोभराच्या आसपास घटले. निरोगी माणसाची ही गत, तर न्यूमोनियातून उठलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांचे काय होत असेल?

आयुर्वेदाचे ग्रंथ ज्यांनी चाळले आहेत त्यांस हे वाचून फारसे नवल वाटणार नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ज्वराच्या प्रकरणी पुनरावर्तक ज्वराचा विचार केला आहे. ताप गेला, परंतु अंगात बळ आले नाही, अशा स्थितीत मनुष्य वर्ज्य गोष्टी करू लागला तर ताप उलटतो, असा त्या विवेचनाचा आशय आहे. रोग जाणे आणि बळ येणे या दोन निराळ्या घटना आहेत, आणि त्या दोहोंच्या मधला काळ हाच धोक्याचा, ही गोष्ट त्या आचार्यांच्या ध्यानात आलेली होती. अर्थात त्या काळच्या ज्वराचा आणि आजच्या हृदयविकाराचा मेळ घालण्याचा आमचा हेतू नाही. आजच्या दुखण्यास आजचेच उपचार हवेत. परंतु मधल्या काळाकडे पाहण्याची दृष्टी घेण्यासारखी आहे.

अमेरिकन सरकारने या प्रश्नावर जो उपाय योजिला तो राजदंडाचा. सन २०१० च्या कायद्यान्वये असे ठरले की, ज्या इस्पितळातील रोगी अपेक्षेहून अधिक संख्येने तीस दिवसांत परततील, त्या इस्पितळास मिळणाऱ्या सरकारी पैशात कपात करावी. ऑक्टोबर २०१२ पासून ही कपात सुरू झाली. आरंभी ती जास्तीत जास्त शेकडा १ होती, पुढे ३ पर्यंत वाढली. परिणाम झाला नाही असे नाही. ज्या विकारांवर लक्ष ठेवले होते त्यांतील परतीचे प्रमाण २००७ मध्ये शेकडा २१.५ होते, ते २०१५ पर्यंत १७.८ वर आले. परंतु या घटीचा खरा अर्थ काय, यावर तेथील विद्वानांत एकमत नाही. काही रोगी 'दाखल' न करता नुसते 'निरीक्षणाखाली' ठेवले जातात, त्यामुळे आकडा लहान दिसतो, असा एक पक्ष आहे. याच काळात हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनियाचे रोगी घरी गेल्यानंतर दगावण्याचे प्रमाण वाढले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. त्याचे कारण हा कायदाच की दुसरे काही, यावर वाद आहे. तात्पर्य, दंड इस्पितळास करता येतो. माजघरास करता येत नाही. आणि परतीची बरीच कारणे तर माजघरात असतात.

दंडापेक्षा जे प्रयोग अधिक बोधप्रद ठरले ते साधे आहेत. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मेरी नेलर यांनी अनुभवी परिचारिकेस रोग्याची गाठ इस्पितळातच घालून दिली, आणि पुढे तीच परिचारिका त्याच्या घरी जाऊन काही आठवडे लक्ष ठेवू लागली. कोलोराडोचे डॉ. एरिक कोलमन यांनी परिचारिकेकडून रोग्यास आणि त्याच्या घरच्यांस शिकवून तयार करण्याची पद्धत बसविली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात तीस दिवसांत परतणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ११.९ ऐवजी ८.३ राहिले. या प्रयोगांत औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. नवे होते ते एवढेच की, रोगी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तो दुसरा हात कोणाचा, हे आधी ठरलेले होते. अर्थात हीही रामबाण युक्ती नव्हे. न्यू जर्सीतील कॅमडेन या शहरात वारंवार इस्पितळात येणाऱ्या आठशे लोकांवर असाच प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२० मध्ये आला, आणि मदत मिळालेले व न मिळालेले अशा दोन्ही गटांत सहा महिन्यांतील परतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. अनेक दुखणी, व्यसने, निवाऱ्याची भ्रांत अशा कचाट्यात सापडलेल्या माणसास काही आठवड्यांच्या भेटींनी सावरता येत नाही, असा बोध त्यातून घ्यावा लागतो.

येथे आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल की, हे सर्व अमेरिकेत ठीक आहे. तेथे म्हातारा मनुष्य एकटा राहतो, त्याचे पाहणारे कोणी नसते, म्हणून परिचारिका पाठवावी लागते. आमच्या एकत्र कुटुंबात दहा माणसे असतात. आमच्याकडे हा प्रश्न कसा उद्भवेल? हा आक्षेप बरोबर वाटतो खरा. परंतु नेमका येथेच घोटाळा आहे.

आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित घरातील हकीकत ऐका. घरात लहानमोठी अकरा माणसे. शहात्तर वर्षांचे आजोबा हार्ट फेल्युअरने आठ दिवस इस्पितळात राहून घरी आले. अंगात साठलेले पाणी लघवीवाटे जावे म्हणून सकाळी एक गोळी, शिवाय इतर चार औषधे, आणि मीठ कमी, अशी डॉक्टरांची आज्ञा होती. सकाळची गोळी थोरले चिरंजीव देत. परंतु ज्या दिवशी त्यांस लवकर निघावे लागे, त्या दिवशी ती धाकट्या सूनबाई देतील असे ते समजत, आणि सूनबाई समजत की, भावोजींनी दिली असेल. आजोबांच्या तोंडास चव नाही म्हणून आजी पानात लिंबाच्या लोणच्याची एक फोड हळूच वाढीत. एका फोडीने काय होते, असा त्यांचा हिशेब. खुद्द आजोबा दर गुरुवारी देवळात कीर्तनास जात, आणि तेथे वरचेवर उठावे लागू नये म्हणून त्या दिवशी ती गोळी आपण होऊन गाळीत. हे त्यांनी कोणासच सांगितले नव्हते. पायावर सूज चढली आहे, हे पहिल्याने दिसले ते शाळकरी नातवास. परंतु त्याचे बोलणे कोणी मनावर घेतले नाही. बाराव्या रात्री आजोबांस आडवे होता येईना. खिडकीशी बसून धापा टाकू लागले. पहाटे पुन्हा इस्पितळ. तेथे डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "यांची औषधे घरी कोण बघते?" क्षणभर सर्वांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. मग आजी म्हणाल्या, "आम्ही सगळेच बघतो हो."

त्या घरात प्रेमाची वाण नव्हती, द्रव्याची नव्हती, शिक्षणाचीही नव्हती. वाण होती ती एका नावाची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यास निदान एवढे तरी ठाऊक असते की, आपली गोळी आपणच घेतली पाहिजे. दहा माणसांच्या घरात प्रत्येकाला वाटते की, दुसऱ्याने दिली असेल. ज्या कामास सर्व धनी, त्यास कोणीच धनी नाही. आपल्या जुन्या घरांत कोठीची किल्ली एकीच्याच कमरेला असे. ती सर्वांत वडील असे किंवा नसे. परंतु डाळ किती उरली हे तिलाच विचारावयाचे, आणि तिच्या शब्दावाचून डबा उघडावयाचा नाही, ही शिस्त सर्वांस मान्य असे. म्हणून एवढा मोठा संसार चाले. जी शिस्त आपण तांदळास आणि तुपास लावली, ती वडिलांच्या औषधास लावू नये, हे आश्चर्य होय.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, रोगी घरी येण्यापूर्वीच, इस्पितळात असतानाच, ही किल्ली कोणाकडे हे ठरवावे. ज्याचे नाव ठरेल त्यानेच निघण्याच्या दिवशी डॉक्टरांसमोर आणि परिचारिकेसमोर बसावे. आपल्याकडे होते असे की, बिलाचा हिशेब पाहणारा मनुष्य कागद घेतो, गाडी आणणारा सूचना ऐकतो, आणि प्रत्यक्ष काम जिच्यावर पडणार ती घरी अंथरूण घालीत असते.

दुसरी गोष्ट समजण्याविषयी. आम्ही आयुष्य मुलांस शिकविण्यात घालविले, त्यामुळे याविषयी अधिकाराने बोलू शकतो. धडा संपल्यावर 'समजले का?' असे विचारले की, सर्व वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. त्या 'हो'ची किंमत कवडीचीही नसते. 'तू सांग पाहू' असे म्हटले म्हणजेच कोणास काय समजले ते बाहेर पडते. वैद्यकीय सूचनांपैकी शेकडा ४० ते ८० भाग रोगी तत्काळ विसरतो, असे याविषयीच्या अभ्यासांचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले सार आहे. म्हणून आता पाश्चात्त्य इस्पितळांत रोग्याकडून सूचना परत वदवून घेण्याची पद्धत सांगितली जाते. डॉक्टरांस सवड नसेल तर आपण होऊन म्हणावे, "मला जे समजले ते मी सांगतो, चुकले तर दुरुस्त करा." यात कमीपणा नाही. पाच प्रश्नांची उत्तरे पाठ झाल्यावाचून उठू नये: दुखणे काय होते, कोणते औषध नवे, कोणते बदलले आणि कोणते बंद, खाण्यापिण्यात व हिंडण्याफिरण्यात काय करावे, काय टाळावे, कोणती लक्षणे दिसताच, रात्रीबेरात्रीसुद्धा, कोणाला फोन करावा, आणि पुन्हा दाखवावयास कोणत्या दिवशी यावे. ही शेवटली तारीख शक्यतो आठवड्याच्या आतली मागून घ्यावी.

इस्पितळातून मिळणारा कागद बहुधा इंग्रजीत असतो, आणि त्यावरील औषधांच्या खुणा तर इंग्रजीतही नसतात; त्या लॅटिन भाषेच्या आद्याक्षरांच्या असतात. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे निजतेवेळी, आणि एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तरच. शेवटल्या खुणेचा अर्थ ठाऊक नसल्यामुळे वेदना असो वा नसो, ती गोळी रोज भक्तिभावाने दिली जाते. ज्या भाषेचा गंध घरात कोणासही नाही, त्या भाषेवर वडिलांचा जीव सोपवू नये. त्या कागदाची मराठी नक्कल ठळक अक्षरांत करून, डॉक्टरांच्या किंवा औषधविक्रेत्याच्या नजरेखालून घालून, भिंतीवर लावावी.

याच वेळी घरातील जुना औषधांचा डबा एका ताटात उपडा करावा. एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. त्यामुळे जुन्या डब्यातील पांढरी गोळी आणि नव्या कागदावरील गुलाबी गोळी एकच असण्याचा संभव असतो, आणि रोगी दुप्पट मात्रा घेत राहतो. गुडघेदुखीसाठी जवळ बाळगलेल्या वेदनाशामक गोळ्यांपैकी कित्येक गोळ्या मूत्रपिंडास अपाय करतात आणि अंगात पाणी साठवितात. हृदयाच्या रोग्यास त्या विषासारख्या होत. खोकल्यावर घरगुती काढा देताना त्यात ज्येष्ठमध पडते. ते एरवी गुणकारी; परंतु फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढविते आणि शरीरात पाणी धरून ठेवते. म्हणून काढा, चूर्ण, भस्म, जे काही चालू असेल ते डॉक्टरांपासून लपवू नये. उलट, ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविला आहे त्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या 'आता बरे वाटते' म्हणून, किंवा दात काढावयाचा आहे म्हणून, हृदयाच्या डॉक्टरांस विचारल्यावाचून कदापि बंद करू नयेत; स्टेंट एकाएकी तुंबण्याचे ते एक प्रसिद्ध कारण आहे.

आहाराविषयी आपल्या घरांत विशेष जपावे लागते. मीठ कमी म्हणजे केवळ वरून न घेणे नव्हे. लोणचे, पापड, सांडगी मिरची, फरसाण यांत ते भरलेले असते, आणि सैंधव हेही शेवटी मीठच होय. मधुमेह्यास इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी गोळी चालू असताना एकादशीचा उपवास घडला, तर साखर एकदम खाली जाऊन शुद्ध हरपण्याची वेळ येते. व्रतांची सूट वृद्धांस आणि आतुरांस आपल्या धर्मशास्त्राने पूर्वीच दिलेली आहे. हार्ट फेल्युअरच्या रोग्याचे वजन रोज सकाळी, शौचानंतर व चहापूर्वी, सारख्याच कपड्यांत करून वहीत टिपावे. एका दिवसात किलो-दीड किलो, किंवा आठवड्यात दोन किलोंहून अधिक वजन चढले, तर ते बहुधा मांस नव्हे, पाणी असते. धाप लागण्याची वाट न पाहता फोन करावा. नक्की आकडा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. याखेरीज रोज थोडे थोडे चालविणे, रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवणे, आणि भेटीस येणाऱ्या मंडळींस पहिले काही दिवस फोनवरच समाचार देणे, ही कामे दिसावयास क्षुल्लक. परंतु पडणे, जागरण व नवा संसर्ग यांपासून तीच वाचवितात.

आता तिसरी गोष्ट, आणि ती सांगताना थोडे स्पष्ट बोलल्यावाचून गत्यंतर नाही. ही किल्ली आपल्या घरांत बहुधा सुनेच्या पदरात पडते. तिला काम मिळते, अधिकार मिळत नाही. लोणचे वर्ज्य आहे हे तिला ठाऊक असते; परंतु सासूबाईंनी वाढलेली फोड सासऱ्यांच्या पानातून उचलण्याची छाती तिला कोठून व्हावी? मामंजींनी गोळी गाळली असा तिला संशय असतो; परंतु त्यांस जाब विचारणे मर्यादेत बसत नाही. आणि बाराव्या दिवशी अनर्थ ओढवला की, बोल मात्र तिलाच लागतो. अधिकाराविना जबाबदारी ही शिक्षा होय. म्हणून घरातील कर्त्या पुरुषाने सर्वांच्या देखत, रोग्याच्याही देखत, सांगावे की, पुढील महिनाभर औषध व पथ्य या बाबतींत अमुक हिचा, किंवा अमुक याचा, शब्द अखेरचा. मुलगा हे काम करू शकत नाही असे मुळीच नाही; उलट, जन्मदात्याच्या औषधाची वही मुलाने स्वतः लिहावी, यात अधिक औचित्य आहे. आणि जिने किंवा ज्याने हे काम पत्करले त्याच्या डोक्यावरील नेहमीच्या कामाचा भार इतरांनी वाटून घ्यावा. रात्रभर जागलेल्या मनुष्याच्या हातून पहाटेची गोळी चुकते.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि स्वच्छता. आपल्या घरांतून प्रेम भरपूर असते, स्वच्छताही असते. ज्ञान आणि दक्षता ही मात्र आपोआप येत नाहीत, ती एकास नेमून शिकवावी लागतात. आणि रोग्याचेही चार गुण सांगितले आहेत, त्यांत सांगितल्याप्रमाणे वागणे आहे, तसेच आपले दुखणे नीट सांगणेही आहे. आमच्या वयाच्या मंडळींनी हे विशेष मनावर घ्यावे. 'मुलांना कशाला त्रास' म्हणून छातीतील कळ किंवा पायाची सूज लपविणे यास आपण सोशिकपणा म्हणतो. वैद्यकाच्या दृष्टीने तो रोग्याच्या अंगचा दोष आहे. दोन दिवस आधी बोललेला एक शब्द दोन दिवसांनंतरच्या धावपळीहून पुष्कळ स्वस्त पडतो.

शेवटी एका गैरसमजाविषयी सावध करणे अवश्य आहे. परत इस्पितळात जावे लागले म्हणजे घरच्यांची हयगयच झाली, असे मानू नये. या विषयावरील चौतीस अभ्यासांचा एकत्र विचार करणारा एक निबंध २०११ मध्ये कॅनडात प्रसिद्ध झाला. त्यात टाळता येण्याजोग्या परतीचे मध्यम प्रमाण शेकडा २७ च्या सुमारास निघाले, आणि निरनिराळ्या अभ्यासांत ते ५ पासून ७९ पर्यंत होते. म्हणजे पुष्कळशा परती दुखण्याच्या स्वभावामुळेच होतात. आपल्याकडील विमा नियमांतसुद्धा शेवटच्या सल्ल्यापासून ४५ दिवसांच्या आत उलटलेले दुखणे हे त्याच आजाराचा भाग मानले जाते. आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत घरी आल्यानंतरच्या १५ दिवसांचा खर्चही धरलेला आहे. हिशेबनीस मंडळींनी जे मान्य केले ते आपण मान्य करण्यास लाजू नये. जी परत अटळ असेल ती वेळेवर व्हावी, आणि जी टाळता येईल ती टळावी, एवढेच आपल्या हाती आहे. 'लोक काय म्हणतील, कालच तर पेढे वाटले' या संकोचाने एक रात्र दवडणे हे सर्वांत वाईट.

असो. पेढे अवश्य वाटावेत. परंतु ते रोगी घरी आल्या दिवशी न वाटता, एक महिना सुखरूप पार पडल्यावर वाटावेत, अशी आमची सूचना आहे. आणि त्या दिवशी पहिला पेढा, जिने किंवा ज्याने ती वही लिहिली, त्याच्या हातावर ठेवावा.